ताशी चार मैल

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या हॉलमध्ये झालेल्या ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण. बोलले तसेच, थोडेसे आवरून दिले आहे.)



आधीच एक कबूल करते. हे भाषण खरं म्हणजे आमच्या ह्यांनी करायचं ठरलं होतं. त्यांच्याकडे दोनशे चौदा फोटो आहेत, नकाशा आहे, आणि सगळ्या आकड्यांची वही आहे. पण समितीने दिली वीस मिनिटं. वीस मिनिटांत हे दुसऱ्या लॉकपर्यंतसुद्धा पोचले नसते. म्हणून मी उभी आहे. हे समोर पहिल्याच रांगेत बसलेत. माझं काही चुकलं तर खूण करतील. एकदाच करायची, असं घरून ठरवून आलोय.

तर २०१९च्या जूनमध्ये आम्ही मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. लंडन वगैरे सगळं आधीच्या खेपेला बघून झालं होतं. मुलगा म्हणाला, “बाबा, या वेळी तुम्हाला कालव्यावर नेतो.” हे म्हणाले, “कालवे बघण्यातच नोकरी गेली माझी, त्यासाठी व्हिसा कशाला?” तुमच्यापैकी जुन्या लोकांना माहीत आहे, हे पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं होते. त्यातली बरीच वर्षं नीरा डाव्या कालव्यावर गेली. क्वार्टर कालव्याच्या काठालाच. आमच्या घरात आवर्तन, पाटकरी, चारी, गेट हेच शब्द. मुलगा पहिलं वाक्य ‘पाणी सोडलं’ असं बोलला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पण तो दाखवणार होता ते कालवे शेतीचे नव्हते, वाहतुकीचे होते. आणि ते काठावरून बघायचे नव्हते. नॅरोबोट नावाची एक लांबट बोट भाड्याने मिळते, ती आपणच चालवायची, तिच्यातच राहायचं, तिच्यातच स्वयंपाक करायचा. लायसन्स लागत नाही. बोटवाला तास-दीड तास सगळं समजावून सांगतो, हातात किल्ल्या देतो आणि टाटा करतो. आपल्याकडे पार्किंगचा स्टिकर मिळायला याहून जास्त वेळ लागतो.

आमची बोट सत्तावन्न फूट लांब आणि सहा फूट दहा इंच रुंद. म्हणजे लांबीला जवळजवळ रेल्वेचा डबा आणि रुंदीला आपल्या लिफ्टसमोरचा पॅसेज. त्या पॅसेजमध्ये एकामागे एक बसायची जागा, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, झोपायच्या दोन खोल्या. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने मागे जायचं. आम्ही पाच जण – आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. दहा दिवस. पहिल्या दिवशी सून हळूच म्हणाली, “आई, आपण या दहा दिवसांनंतर एकमेकांशी बोलत असू ना?”

रुंदी एवढी कमी का, तर लॉक सात फूट रुंद म्हणून. आणि लॉक सात फुटांचे का, तर अडीचशे वर्षांपूर्वी जेम्स ब्रिंडले नावाच्या माणसाने तसे ठरवले म्हणून. मोठा लॉक बांधायला खर्च जास्त आणि भरायला पाणीही जास्त. त्याने एकदा माप ठरवलं आणि मधल्या इंग्लंडातल्या बहुतेक बोटी आजही त्याच मापाच्या आहेत. आम्ही गेलो तो ऑक्सफर्ड कालवा त्याच्याच आखणीचा. तो पुरा झालेला पाहायला मात्र ब्रिंडले नव्हता, १७७२ मध्येच वारला. कालवा १७७८ साली बॅनबरीला पोचला आणि १७९०च्या पहिल्या तारखेला ऑक्सफर्डला. येत काय होतं त्यातून? कोळसा. कॉव्हेंट्रीकडच्या खाणींतला. एक घोडा काठाने चालायचा आणि वीस-पंचवीस टनांची बोट दोरीने ओढायचा. तेवढा माल बैलगाड्यांवर घाला, आणि मग हिशेब करा. घोड्यांची ती पायवाट अजून काठाने सगळीकडे आहे. आता तिच्यावरून लोक कुत्री फिरवतात.

कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल. बोट याहून जोरात गेली की लाटांनी काठ खचतात. बांधून ठेवलेल्या बोटींच्या शेजारून जाताना तर त्याहूनही हळू, नाहीतर आतल्या माणसाचा चहा सांडतो आणि तो खिडकीतून डोकं काढून बघतो. चार मैल म्हणजे आपल्या पालखीबरोबरची चाल. नीरेला असताना दरवर्षी माउलींच्या पादुकांचं नीरास्नान बघायला आम्ही जायचो, त्यामुळे हा वेग माझ्या ओळखीचा होता. काठाने चालणारी बाई आपल्याला मागे टाकून पुढे जाते, तिचं कुत्रंही जातं, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

आम्ही नॅप्टन गावाजवळून निघालो. नॅप्टनच्या टेकडीवर पवनचक्की आहे आणि त्या टेकडीला वळसा घालून नऊ लॉक चढायचे. आता लॉक म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे वहीत आकृती काढून सांगतात. मी लिफ्ट म्हणते. दगडाविटांची एक लांबट पेटी, दोन्ही टोकांना लाकडी दारं. वर जायचं असेल तर बोट खालच्या दाराने आत घ्यायची, दार लावायचं, वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. पेटीत पाणी चढतं, बोट वर येते, पाणी वरच्या पातळीला आलं की वरचं दार उघडतं. खाली जायचं तर याच्या उलट. मोटर नाही, वीज नाही, त्यामुळे आपल्या लिफ्टसारखी रविवारी बंद पडत नाही. झडपा उघडायला वाकड्या हँडलसारखी एक लोखंडी किल्ली असते, तिला विंडलास म्हणतात. आणि दार उघडायला दाराला जोडलेला भलामोठा लाकडी दांडा असतो. त्याला पाठ टेकायची, पाय रोवायचे आणि ढकलायचं. पाणी दोन्हीकडे समान झालं नसेल तर दहा पैलवान आणले तरी दार हलत नाही. समान झालं की नात एकटी ढकलायची.

कामाची वाटणी अशी झाली. सुकाणू ह्यांच्याकडे. विंडलास माझ्याकडे, मदतीला मुलगा नाहीतर सून. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, काही माहीत नाही. आपोआप झालं. आपल्याकडे अशा गोष्टी आपोआपच होतात.

इथे थोडं मागे जाते. नीरेला असताना, १९८७ची गोष्ट असेल, ह्यांच्या एका सहकाऱ्याची लूना मी शिकायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी कालव्याच्या भरावावरून ती घेऊन मी चारीत गेले. चारी कोरडी होती, लागलं फारसं नाही. पण हे म्हणाले, “राहू दे, हे तुझं काम नाही.” रागावून नाही म्हणाले. काळजीनेच म्हणाले. तेव्हापासून मी कुठल्याही वाहनाच्या हँडलला हात लावला नाही. रिक्षा, बस आणि ह्यांची स्कूटर, मागच्या सीटवर एका बाजूला पाय टाकून. बत्तीस वर्षं झाली त्याला.

तर चढून गेल्यावर वरती अकरा मैल सपाट. एकही लॉक नाही. आणि तो कालवा असा वळणावळणाचा, की वर्मलेटन नावाच्या जागी तर एका टेकडीला तीन बाजूंनी वळसा घालतो. सकाळी डाव्या हाताला दिसलेलं शेतघर तासाभराने उजव्या हाताला, मग पुन्हा समोर. नात विचारते, “आजी, आपण हरवलो का?” पण आमचे हे! ह्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद रिटायरमेंटनंतर पहिल्यांदा बघितला. “अगं, हा तर आपलाच कंटूर कालवा!” म्हणजे काय, तर ब्रिंडलेने टेकडी कापायच्या भानगडीत न पडता एकाच उंचीची रेषा धरून कालवा नेला. आपल्याकडेही धरणाचा कालवा असाच डोंगराच्या कडेकडेने नेतात. फरक एकच. आपल्या कालव्याला थोडा उतार द्यावा लागतो, पाणी शेवटच्या शेतापर्यंत वाहत जायला हवं. त्यांच्या कालव्याला उतार नकोच, पाणी जागेवर उभं हवं. हे म्हणाले, “आयुष्यभर मी पाणी पुढे कसं जाईल ते बघितलं. ही माणसं अडीचशे वर्षं बघतायत, पाणी जाणार कसं नाही.”

आणि ते जातंच. दर वेळी बोट लॉकमधून उतरली की पेटीभर पाणी खाली जातं. साधारण पंचवीस हजार गॅलन. आपल्या भाषेत सांगते – दहा हजार लिटरचे अकरा टँकर! एका बोटीला, एका लॉकला. (हॉलमध्ये हळहळ.) बघा, लगेच पोटात दुखलं ना? हे पाणी येतं त्या सपाट भागाला, आणि तिथे पोचवायला तीन तलाव आहेत, बॉडिंग्टन, क्लॅटरकोट आणि वर्मलेटन. पाऊस कमी झाला की वरच्या लॉकच्या वेळा ठरवून देतात आणि दारांना कुलपं लावतात. ए विंगला सकाळी सहा ते आठ, बी विंगला आठ ते दहा, अगदी तसंच. शिवाय एक रीत आहे. लॉक रिकामा आहे, तुम्ही वरून आलात, आणि खालून एखादी बोट येताना दिसली, तर थांबायचं. तिला आत येऊ द्यायचं. तिच्यासाठी लॉक तयार आहे, आपल्यासाठी तो भरून घेतला तर एक पेटी पाणी फुकट गेलं. कुणी बघत नसतं, दंड नसतो, तरी माणसं थांबतात. दार उघडून देतात, दोन शब्द हवापाण्याचे बोलतात. टाकी ओव्हरफ्लो झाली तरी व्हॉल्व्ह बंद करायला कुणी खाली उतरायचं, यावर आपल्याकडे ज्या सभा झाल्या त्यांची मला तिथे राहून राहून आठवण येत होती. नावं घेत नाही.

जेवणाचं विचारू नका, उत्तम झालं. भाजणी नेली होती, मेतकूट नेलं होतं, डिंकाचे लाडू नेले होते, आणि कुकर सुनेच्या घरचा. क्रॉप्रेडी गावाजवळ संध्याकाळी बोट बांधली होती. कुकरची शिट्टी झाली तर शेजारच्या बोटीतले गृहस्थ धावत बाहेर आले. त्यांना वाटलं आमच्या इंजिनाचं काही फुटलं. त्यांना वरणभात दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला संडासाची टाकी कुठे रिकामी करायची ती जागा दाखवली. शेजारधर्म तिथेही असाच चालतो.

बॅनबरीला मात्र मी मुद्दाम थांबायला लावलं. एका शॉपिंग सेंटरच्या पोटात, काचा आणि सरकते जिने यांच्या मध्ये, एक जुना बोट दुरुस्त करायचा गोदा आहे, टूलीचा. १९३९ साली एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक इंजिनिअर आपल्या बायकोला घेऊन तिथूनच ‘क्रेसी’ नावाच्या बोटीत राहायला निघाला. तोपर्यंत कालवे मरायला टेकले होते. आधी रेल्वेने धंदा खाल्ला, मग लॉरीने. रोल्टचं पुस्तक १९४४ला आलं, १९४६ला कालवे वाचवायची संस्था निघाली, आणि पुढे साठ-सत्तरच्या दशकांत शनिवार-रविवारी सामान्य माणसं गमबूट घालून कालव्यातला गाळ उपसायला उतरली. सायकली, गाद्या, ट्रॉल्या, काय काय निघालं म्हणतात. सरकारचा बेत बऱ्याच कालव्यांच्या बाबतीत बुजवून टाकायचाच होता. आता २०१२पासून हे सगळं एका धर्मादाय संस्थेकडे आहे, सुमारे दोन हजार मैल कालवे आणि नद्या.

पण मला थांबायचं होतं ते वेगळ्या कारणाने. तिथे मी बोटीवरच्या बायकांचे जुने फोटो बघितले. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर नावाड्यांना नोकर परवडेनात, तेव्हा त्यांनी बायकापोरं बोटीवर आणली. मालाच्या मागे दहा फूट बाय सात फुटांची खोली. तिच्यात चूल, बिछाना, चार-पाच मुलं, बाळंतपणंसुद्धा. आणि त्या खोलीच्या दाराशी उभी राहून, डोक्याला टोपडं, कडेला मूल, एका हाताने सुकाणू धरून बाई बोट चालवतेय. नवरा पुढे लॉक तयार करायला गेलाय. मी ह्यांना म्हटलं, “बघितलंत?” हे म्हणाले, “हो, ह्या खोलीत उंची किती असेल?” आणि मोजायला लागले.

आता मुख्य गोष्ट. ही मी आजवर फक्त दोन जणींना सांगितली आहे, आणि आज सांगायची परवानगी ह्यांनी स्वतः दिली आहे.

पाचव्या दिवशी आम्ही आयनो नावाच्या ठिकाणी आलो. तिथला लॉक विचित्र आहे, शंकरपाळ्याच्या आकाराचा. ऐसपैस, आणि उतार म्हणाल तर जेमतेम फूटभर. मी विचारलं, फूटभर उतरायला एवढी मोठी पेटी कशाला? झालं. ह्यांनी वही काढली. पुढचा लॉक सॉमर्टनचा, तो बारा फूट खोल. त्याला पेटीभर पाणी लागतं बारा फुटांचं. इथून फूटभर उतारात तेवढं पाणी पुढे जायला हवं असेल तर पेटी रुंद करायलाच हवी, नाहीतर पुढचा तुकडा आटत जाईल. खरंच सुंदर आहे, मला समजलं तेव्हा मलाही आवडलं. पण आयनोहून सॉमर्टनपर्यंत सगळी वाट ते घनफूट मांडत होते.

सॉमर्टनला पोचलो तेव्हा दुपार होती. मुलगा, सून आणि नात पुढचा लॉक तयार करायला काठाने चालत निघून गेली होती. आम्ही दोघंच. आजूबाजूला कुरणं, एक जुनं घर, माणूस नाही. बोट आत घेतली, वरचं दार मी लावलं. खालचं दार तिथे एकच आहे, अजस्र. त्याच्यापाशी येऊन मी एक झडप उघडली. पाणी जायला लागलं, बोट खाली खाली जायला लागली. हे खालून ओरडले, “दुसरीही उघड, संध्याकाळ होईल!” मी निघाले होते. गुडघा दुखत होता म्हणून हळू निघाले. एवढंच त्या दिवशीचं नशीब.

लॉकच्या वरच्या दाराखाली दगडाचा एक उंबरा असतो, पाण्याखाली. लॉक भरलेला असताना दिसत नाही. काठावर पांढरी रेघ मारलेली असते – उतरताना बोटीचं मागचं टोक या रेघेच्या पुढे ठेवा. बोटवाल्याने पहिल्या दिवशी हे तीनदा सांगितलं होतं. चार दिवस ह्यांनी ते पाळलंही होतं. पण त्या दिवशी हातात सुकाणू आणि डोक्यात घनफूट. बोट सावकाश मागे सरकली आणि तिचं मागचं टोक त्या उंबऱ्यावर टेकलं. पाणी खाली चाललेलं. मागची बाजू अडकून वर राहिली आणि पुढची बाजू पाण्याबरोबर खाली जायला लागली.

आधी मला आवाज आला. आतली सगळी भांडी एकदम पुढे घरंगळली. वळून बघितलं तर बोट अशी तिरकी, आणि हे मागे दाराची कड धरून उभे, तोंडातून शब्द नाही. पुढच्या उघड्या भागाच्या काठापासून पाणी वीतभर राहिलं होतं. ते एकदा आत शिरलं की पंधरा टन लोखंड बुडायला मिनिट लागत नाही.

मला काय सुचलं ते मला अजून कळत नाही. म्हणजे सुचलं असं नाहीच, हातांनी केलं. वळले, उघडलेली झडप किल्लीने फिरवून खाली बसवली. पाणी जायचं थांबलं. मग बोटवाल्याचं वाक्य कानात आलं, ‘आधी खालचं बंद, मग वरचं थोडं, अगदी थोडं.’ सत्तावन्न फूट बोटीच्या कडेने, लॉकच्या काठावरून, त्या गुडघ्याने, मी वरच्या टोकाला गेले. वरची झडप चार दात उघडली, त्याहून जास्त नाही. एकदम उघडली असती तर आत आलेल्या पाण्याच्या लोटाने पुढची बाजू आणखी दाबली असती. पाणी चढेना, चढेना, आणि मग चढलं. बोट हलली, कण्हल्यासारखा आवाज झाला, आणि धप्पकन उंबऱ्यावरून सुटून सरळ झाली. मी ओरडले, “पुढे घ्या! रेघेच्या पुढे!” ह्यांना एवढ्या मोठ्याने मी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. त्यांनी पुढे घेतली.

मग आम्ही लॉक पुरा भरून घेतला आणि बोट तशीच ठेवली. मी आत गेले. सहा कप फुटले होते. लाडवांचा डबा उघडून जमिनीवर लाडूच लाडू. हे खाली बसून काचा वेचायला लागले. कोपराला खरचटलं होतं, त्याला मी हळद लावली. दोघंही काही बोललो नाही. चहा केला, उरलेल्या दोन पेल्यांत. चहा पिऊन झाल्यावर हे उठले, भिंतीवर टांगलेली विंडलास मी परत अडकवली होती ती काढून हातात घेतली, आणि म्हणाले, “तू मागे उभी राहा. दारं मी बघतो. गेटवर काम केलंय मी तेहतीस वर्षं.”

मी म्हटलं, “मला नाही येत.”

“रेघेच्या पुढे ठेवायची. एवढंच आहे,” हे म्हणाले.

नॅरोबोटचं सुकाणू उलटं असतं. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते. ब्रेक नाही, थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची. आणि बोट पुढच्या टोकाने वळत नाही, मधल्या कमरेवर फिरते. पहिल्या तासात मी दोन झुडपांत गेले, एका पुलाला घासले. एका बदकिणीने माझ्यामुळे पिल्लांना काठावर चढवलं. पण त्या बारा फूट खोल खड्ड्यातून बोट खाली मीच नेली, डोळा पांढऱ्या रेघेवरून न हलवता. ओल्या भिंती वर वर जातात, आभाळाची चिंधी राहते, आणि वर कडेला विंडलास धरून हे उभे, अगदी लहान दिसत होते. एकच झडप उघडली होती त्यांनी. दुसरी उघडली नाहीच.

पुढच्या लॉकपाशी पोरं भेटली. मला सुकाणूवर बघून मुलाचं तोंड उघडंच राहिलं. ह्यांनी सगळं सांगितलं. स्वतःच. “बोट मी उंबऱ्यावर चढवली. चूक माझी. तुझ्या आईने वाचवली.” चूक माझी हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते असं नाही, ऑफिसच्या फाईलबद्दल ऐकले होते. सून पटकन आत गेली, डोळे पुसायला की कप बघायला, माहीत नाही.

त्यापुढचे पाच दिवस बोट मी चालवली. थ्रपपर्यंत गेलो. त्याच्या अलीकडे मैलभर कालवा चेरवेल नदीतून जातो. कालव्याचं पाणी उभं असतं, नदीचं वाहतं, आणि बोट एकदम जिवंत झाल्यासारखी हातात ओढ घेते. नदीत शिरण्याआधी काठावर पट्टी असते, हिरवा, पिवळा, लाल रंग. पाणी लालपर्यंत असेल तर जायचं नाही. त्या दिवशी हिरवं होतं. विलोची झाडं पाण्यात वाकलेली, एक बगळा दर वळणावर आमच्यापुढे उडून बसणारा, आणि मी नदीतून पंधरा टन घेऊन चाललेली. नीरेच्या चारीतली ती लूना आठवली. हसू आलं. नातीने विचारलं का हसतेस, तिला म्हटलं मोठी झालीस की सांगेन.

परतीला तो सपाट अकरा मैलांचा भाग आला तेव्हा संध्याकाळचे नऊ वाजले होते आणि लख्ख ऊन होतं. हे नातीला घेऊन काठाने चालत होते, मी बोटीवर. आमचा वेग एकच. पाऊण तास आम्ही असे शेजारी शेजारी गेलो, मध्ये आठ-दहा फूट पाणी. ते तिला कंटूर समजावत होते आणि मध्येच मला विचारत होते, “डाव्या हाताला उथळ दिसतंय, बघतेस ना?” मी म्हणत होते, “बघतेय.”

माझी वीस मिनिटं झाली, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. ह्यांनी खूण केली ती एकदाच, बोटीचं वजन पंधरा नाही, सोळा टन. कुणाला लॉक, झडपा, घनफूट यांबद्दल विचारायचं असेल तर त्यांना विचारा. दोनशे चौदा फोटो लॅपटॉपवर आहेत. पण ते जेवणानंतर, कारण मसालेभात गरम आहे आणि केटररने साडेआठची वेळ दिली आहे.